आंबेचोर, यवन राजा आणि आर.सी. बुक

जुनी दुचाकी इंजिनकामाला आली की नारायणगाव, मंचर किंवा जुन्नरच्या गॅरेजात पहिला सवाल ठरलेला: हाफ इंजिन की फुल? हाफ म्हणजे वरचं काम, हेड, सिलिंडर, पिस्टन, रिंगा. फुल म्हणजे क्रँकपासून गिअरबॉक्सपर्यंत सगळं उघडायचं. खिसा हलका असला की हाफवर भागतं आणि सिलिंडर बोरिंगवाल्याकडे जातो. झिजलेला बोर आतून कापून गुळगुळीत करायचा आणि पाव मिलिमीटर मोठा पिस्टन बसवायचा. पुढच्या खेपेला अर्धा, मग पाऊण, मग एक. बहुतेक गाड्यांचे ओव्हरसाइज पिस्टन तिथे संपतात. मग सिलिंडरला आतून नवी स्लीव्ह बसवतात आणि मोजणी परत पहिल्यापासून सुरू होते. यामाहा आरएक्स 100 चं उत्पादन 1996 साली बंद झालं. ती आजही रस्त्यावर दिसते ती या पाव-पाव मिलिमीटरच्या उसनवारीवर.

हे झालं इंजिनाचं. एव्हाना चेनसेट कितीदा तरी बदललेला असतो, क्लच प्लेटा नव्या, रिमा आणि आरे भलत्याच गाडीचे, टाकी पुण्याच्या जुन्या बाजारातून बुधवारी किंवा रविवारी घासाघीस करून आणलेली. तरी कुणी विचारलं की घरातलं उत्तर एकच, ‘आमच्या आजोबांची राजदूत.’ एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल कंपनीच्या नमुन्यावरून 1960 च्या दशकात बनवायला घेतलेली ही 173 सीसीची दणकट गाडी. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून तिने खेड्यापाड्यांत दोन पिढ्या काढल्या. आजोबांचा हात लागलेलं आता तिच्यात नेमकं काय उरलं, हा प्रश्न घरात कुणाला पडत नाही. तत्त्वज्ञांना मात्र तो दोन हजार वर्षं छळतो आहे, आणि त्यातला एक फार जुना वाद जुन्नरच्या डोंगरांपासून वाटतो तितका लांब नाही.

जुन्नरभोवतीच्या शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री, तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. नाणेघाटातून कोकणात उतरणाऱ्या व्यापाराचा पैसा सातवाहन काळात त्या दगडात मुरला. इथल्या शिलालेखांत तीन दाते स्वतःला यवन म्हणवतात. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी (टाकी) दिल्या, चिट नावाच्याने संघाला भोजनमंडप दिला, तिसऱ्याचं नाव चंद. ही माणसं अस्सल ग्रीक वंशाची होती की यवन म्हणवून घेणारी इथलीच, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण यवनांनी बौद्ध संघाला दान द्यावं यात तेव्हा कुणाला नवल वाटत नव्हतं, एवढं नक्की.

अशाच एका यवनाची, राजा मिनँडरची, नागसेन या भिक्षूशी झालेली चर्चा ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. मिनँडर म्हणजेच मिलिंद, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजचं सियालकोट असावं. त्याची नाणी पुढे दोनेकशे वर्षांनीही भडोचच्या बाजारात चालत होती, असं ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नोंदलं आहे. तर हा राजा भिक्षूला नाव विचारतो. नागसेन म्हणतो, मला नागसेन म्हणतात खरं, पण ते नुसतं हाक मारायचं नाव. त्यामागे ‘नागसेन’ म्हणून वेगळी वस्तू काही सापडायची नाही. राजा चक्रावतो. मग भिक्षू त्याला विचारतो, महाराज आलात कशाने? रथाने. मग रथ कुठे आहे दाखवा. दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं? जू? चाबूक? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग या सगळ्यांखेरीज वेगळा असा रथ कुठे आहे का? तेही नाही. शेवटी राजालाच कबूल करावं लागतं की सगळे भाग एकमेकांच्या आधाराने जुळले की त्या जुळणीला आपण ‘रथ’ म्हणतो.

गॅरेजात गाडी पूर्ण उघडून बारदानावर मांडून ठेवलेली ज्याने पाहिली आहे, त्याला नागसेनाचं म्हणणं डोळ्यांनी पटतं. एका कोपऱ्यात क्रँक, एका डब्यात रॉकेलमध्ये बुडवलेले नट, फोर्क भिंतीला टेकलेले. यात राजदूत कुठली ते बोट ठेवून सांगता येत नाही.

पण नागसेनाला खोडणारेही याच देशात होते. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, म्हणत, अवयव वेगळे आणि अवयवी वेगळा. भागांनी मिळून बनलेली वस्तू ही भागांहून निराळी, खरीखुरी वस्तू आहे. मात्र हा खरेपणा त्यांना महागात पडला. कापडातला एक धागा काढला तर जुनं कापड नष्ट झालं आणि नवं जन्मलं, असं त्यांना मानावं लागलं. त्या हिशोबाने प्रत्येक सर्व्हिसिंगला नवी गाडी घरी येते. जैनांनी मधला रस्ता काढला: द्रव्य टिकतं, पर्याय बदलतात, उपजणं, नाश आणि टिकणं एकाच वस्तूत एकाच वेळी नांदतं. तिकडे ग्रीसमध्ये प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट लिहून ठेवली. एकेक फळी बदलत गेलेलं ते जहाज तेच का, यावर अथेन्सचे पंडित भांडत. 1655 साली इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्सने त्यात आणखी पाचर मारली. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून पुन्हा जोडल्या तर खरं जहाज कोणतं? भंगारवाल्याकडून उचललेल्या सुट्या भागांतून दुसरी राजदूत उभी करणाऱ्याला हा प्रश्न पुस्तकातला वाटणार नाही.

कायद्याने मात्र हा प्रश्न एका फटक्यात निकालात काढला आहे. गाडी म्हणजे तिचा चेसिस नंबर. बाकी टाकी बदला, मडगार्ड बदला, रंग बदलून नोंदवून घ्या. हेड ट्यूबवर ठोकलेले ते आकडे कायम, तोवर गाडी तीच. जुन्नर-आंबेगावच्या गाड्या पिंपरी-चिंचवडच्या एम.एच. 14 मध्ये मोडतात. नोंदणीला 15 वर्षं झाली की तपासणी करून, पर्यावरण कर भरून दर 5 वर्षांनी ती पुढे वाढवून घ्यायची. त्यासाठी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची आणि छाप घ्यायचा. त्याआधी रंगाचे थर पॉलिशपेपरने खरवडावे लागतात, कारण हौशी पेंटरने ते आकडेही रंगवून बुजवलेले असतात. जगन्नाथपुरीत नवकलेवराच्या वेळी, शेवटचं 2015 साली झालं, जुन्या लाकडी मूर्तींतला ब्रह्मपदार्थ काढून नव्या मूर्तींत ठेवतात. तो ठेवणाऱ्याचेही डोळे बांधलेले असतात, तो कुणी पाहायचा नाही. परिवहन खात्याचा ब्रह्मपदार्थ उलट खडखडीत दिसला पाहिजे, नाहीतर फाईल परत.

अस्सलपणाची व्याख्याही सरकारने करून टाकली आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुनी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये. आणि अट अशी की ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, बस्स. म्हणजे गाडी मूळ रूपात राहू शकते, फक्त तिने गाडीचं काम करायचं नाही. ज्याला किटल्या पोचवायच्या आहेत त्याला हा अस्सलपणा परवडत नाही, आणि पैसे असते तरी तो त्याच्या कामाचा नव्हता.

लेण्याद्रीचा डोंगर हीच गोष्ट दगडात सांगतो. सहाव्या क्रमांकाचं लेणं चैत्यगृह. शेजारचं सातवं मूळचं विहार, भिक्षूंच्या राहण्याच्या वीस खोल्यांचं, मधल्या प्रचंड दालनात एकही खांब नसलेलं. त्याच्या मागच्या भिंतीतल्या मधल्या खोल्यांच्या जागी आज गिरिजात्मज गणपती आहे, अष्टविनायकांतला एक. पायथ्याशी पुरातत्त्व खात्याची तिकीट-खिडकी, वर आरती. खात्याच्या लेखी ते जतन करायचं बौद्ध लेणं, भाविकाच्या लेखी देवाचं ठाणं. दोघंही तेच छत बघतात. यातला खरा मालक कोण असल्या भांडणात हा लेख पडणार नाही. पण इथे आजही राबता आहे, दिवा लागतो, ही गोष्ट लेण्याच्या टिकण्यात धरायची की बिघडण्यात, हे ठरवायला अस्सलपणाचं माप अपुरं पडतं.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यात तर याचं दुसरं टोक आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं ते गाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेलं. जलाशयाला नाव मिळालं याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूचं. तालुक्याची कचेरी घोडेगावात, बाजारपेठ मंचरला, आणि कागदावर तालुका आंबेगावच. इथे वस्तू गेली आणि नाव राहिलं. नागसेन ऐकता तर म्हणाला असता की नाव आधीही तेवढंच होतं.

इथवर नागसेनाची सरशी दिसते. पण ‘मिलिंदपञ्ह’ तिथे थांबत नाही, आणि ग्रंथाची खरी धार पुढे आहे. माणूस क्षणोक्षणी बदलतो, कालचा आज नाही, असं मानलं तर पाप कुणी फेडायचं? राजा हे विचारतो. नागसेन आंबेचोराची गोष्ट सांगतो. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडला गेल्यावर म्हणाला, मालकाने लावली ती कोय वेगळी, मी तोडले ते आंबे वेगळे, माझा गुन्हा काय? राजा म्हणतो, त्याला शिक्षा होणारच. का? कारण हे आंबे त्या कोयीमुळेच आले. आणखी एक दाखला दुधाचा. गवळ्याकडून भांडंभर दूध विकत घेऊन एकाने तिथेच ठेवलं, दुसऱ्या दिवशी न्यायला आला तर दही झालेलं. आता हा म्हणतो मला दूध दे. मंचरच्या डेअरीवर असं भांडण काढणाऱ्याला कोण उभं करील? राजाही गवळ्याच्या बाजूने निकाल देतो.

म्हणजे ‘तीच का?’ हा प्रश्न नागसेन वस्तूच्या पोटात शिरून सोडवत नाही. कुणाला उत्तर द्यावं लागणार आहे, तिथून तो सुरुवात करतो. गाडीच्या बाबतीत हीच वाट सरळ आहे, आणि कायदाही नकळत तिच्यावर येऊन पोचला आहे.

6 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. एका मोटारीचा अपघात झाला होता. गाडी त्याआधी हातोहात विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर. न्यायालयाने सांगितलं, नोंदवहीत ज्याचं नाव तोच मालक; भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी मी विकली, चालवणारा मला ठाऊकही नाही, हा बचाव आंबेचोराच्या बचावाइतकाच टिकला. गावाकडे जुनी गाडी अजूनही शब्दावर विकतात. फॉर्म 29 आणि 30 वर सही करून घ्यायची, नावावर करायचं ‘बघू पुढे’. तीन हात फिरल्यावर चलन येतं ते पहिल्याच्या दारात.

आणि आजोबांची राजदूत? कित्येक घरांत आर.सी. बुकावर अजून आजोबांचंच नाव असतं. आजोबा जाऊन वर्षं लोटली, वारसाने फॉर्म 31 भरलेला नसतो. घरचे याला आठवण म्हणतात. खरं तर उद्या काही बरंवाईट झालं तर उत्तर द्यायला आपण एका गेलेल्या माणसाला पुढे केलेलं असतं. ‘ही आजोबांची गाडी’ या वाक्यात प्रेम असेलही, पण नातवाने तिच्यावर खरंच हक्क सांगायचा तर पिस्टनच्या आधी कागदाला हात घातला पाहिजे. वारसा-नोंदीला क्रोमच्या मडगार्डपेक्षा कमीच पैसे लागतात.

दसऱ्याला गॅरेजात पाना-पकडीला हळदकुंकू लागतं, गाडीला झेंडूची माळ पडते. शहरी पाहुण्याला यात भाबडेपणा दिसतो. पण जुन्नर तालुक्यातल्या आळ्यात ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. ज्याच्या मुखातून त्यांनी वेद वदवले असं परंपरा सांगते तो रेडा. बोलता येत नाही त्याचंही आपण काही देणं लागतो, ही जाणीव या भागाला नवी नाही. माळ घालणारा मेकॅनिक गाडीत जीव आहे असं म्हणतोच असं नाही. तिच्यावर आपलं पोट आहे, एवढं तो मान्य करतो.

रॉबर्ट पिर्सिग या अमेरिकन लेखकाने 1974 च्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ या पुस्तकात मोटारसायकलच्या देखभालीतून सगळं तत्त्वज्ञान उभं केलं. तरुणपणी तो बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेला होता. पुस्तकातला एक प्रसंग जुन्नरच्या मेकॅनिकला मजेशीर वाटेल. मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचं हँडल घसरतं. पिर्सिग म्हणतो, बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून मध्ये घालू, काम चोख होईल. मित्राला हे अपमानास्पद वाटतं. आपल्या गाडीला डब्याचा पत्रा! पिर्सिगने यावर पानंच्या पानं खर्च केली आहेत. नारायणगावात कुणी एक ओळही केली नसती. पट्टी बसली, हँडल हललं नाही, संपलं.

जुगाडाचा असा उगाच गौरव करण्यातही मात्र फसवणूक आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किकने सुरू होणारी चारचाकी बनवली आणि 2021 च्या डिसेंबरात तिचं चित्रीकरण देशभर फिरलं. उद्योगपती आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच सांगितलं की नियमांत बसत नसल्याने ती आज ना उद्या रस्त्यावरून उतरवली जाईल, आणि बदल्यात बोलेरो दिली. कौतुक खरं, नियमही खरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत स्पष्ट केलं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत. हौशी पोरं या निकालाला शिव्या घालतात. पण चेसिस कापून मागचा भाग छाटायचा, रुंद टायर घालायचं आणि त्याला ‘कॅफे रेसर’ म्हणायचं, यात वेल्डिंगचा सांधा सुटला तर मागे बसलेला माणूस रस्त्यावर पडतो. त्याला उत्तर कोण देणार? सगळ्यात स्वस्त वेल्डर तर नक्कीच नाही.

थोड्या पैशांत गाडी उभी करणाऱ्याची कसोटी म्हणून अस्सल-नक्कल ही नसून आधी काय करायचं, ही आहे. श्रीमंत हौशी माणूस सगळं एकदम करू शकतो, त्यामुळे त्याला निवड करावीच लागत नाही. इथे मात्र टाकीला रंग की ब्रेक लायनर, बफिंग की मागचं टायर, असं दर महिन्याला ठरवायचं असतं, आणि ते ठरवताना रस्त्यावरच्या परक्या माणसाचा विचार झाला की नाही हे गाडीकडे पाहून कळतं.

दिव्याचंच घ्या. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर तालुके येतात आणि इथल्या उसात बिबटे राहतात. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. रात्री उसाच्या कडेने जाणाऱ्या दुचाकीवर बिबट्याने झडप घातल्याच्या बातम्या इथल्या लोकांना नव्या नाहीत. सहा व्होल्टच्या जुन्या गाडीचा दिवा एक्सिलेटर सोडला की मंदावतो, आणि वळणावर गाडी हळू होते नेमका तेव्हाच अंधार होतो. अशा गाडीला आधी बारा व्होल्टचं वायरिंग करून घ्यावं, क्रोमचं पुढे बघावं. पुष्कळ जण तसं करतातही. मग भरीला झगझगीत एलईडी लावतात आणि झोत सरळ समोरच्याच्या डोळ्यांत. हेडलाइट खाली झुकवायला एक स्क्रू फिरवावा लागतो, त्याला एक पैसा पडत नाही, आणि ओतूर रस्त्यावर रात्री समोरून येणाऱ्या गाड्या पाहिल्या तर तो फिरवलेला क्वचितच दिसतो.